ओ-यू-जी-एच: चार अक्षरांचा गोतावळा

राघव किंवा मेघा नावाचं मूल इंग्रजीत आपलं नाव लिहायला शिकतं, तेव्हा जी आणि एच ही अक्षरं त्याला जोडीनं भेटतात आणि त्या जोडीचा उच्चार ‘घ’ होतो, हे त्याच्या मनात पक्कं बसतं. घाटकोपरच्या स्टेशनावरची पाटी, वर्गातल्या वाघ आणि घोरपडे यांची आडनावं, सगळी त्याला दुजोरा देतात. मग पुस्तकात ‘नाइट’, ‘लाइट’, ‘एट’ येतात आणि तिथे ही जोडी मुकी असते. पुढे ‘रफ’ आणि ‘इनफ’मध्ये ती ‘फ’ म्हणू लागते. तिच्यामागे ओ आणि यू येऊन चौकडी झाली की मूल पुरतं गोंधळतं. ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं ‘दो’ (तरी) या शब्दात नुसता ‘ओ’ होतात, ‘थ्रू’त ‘ऊ’, ‘टफ’मध्ये ‘अफ’, खोकल्याच्या ‘कॉफ’मध्ये ‘ऑफ’, फांदीच्या ‘बाउ’मध्ये ‘आउ’, ‘थॉट’मध्ये ‘ऑ’ आणि ‘थरा’मध्ये जेमतेम एक ‘अ’. उचकीचं एक जुनं स्पेलिंग असंच संपतं आणि तिथे उच्चार ‘अप’ होतो. आयर्लंडमधल्या सरोवरांच्या नावांत तर शेवटी घशातून ‘ख’ काढावा लागतो. लेस्टरशायरमधल्या लफबरा गावाच्या नावात ही चार अक्षरं दोनदा येतात आणि दोन्ही वेळा वेगवेगळी बोलतात.

यावर विनोद पुष्कळ झाले. विनोदापलीकडचे प्रश्न तीन आहेत. असं झालं कसं, ते दुरुस्त का झालं नाही आणि तोवर मुलांना शिकवायचं कसं? तिन्हींवर गंभीर काम झालेलं आहे. मराठी माध्यमाच्या वर्गापर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं, म्हणून हा आढावा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत समाधान देणारं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत यातल्या बहुतेक शब्दांत एक खराखुरा आवाज होता. उर्दू शब्दांत नुक्ता देऊन लिहितात तसा, घशात घासून निघणारा ‘ख़’. रात्रीला ‘निख़्त’, मुलीला ‘दोख़्तर’, ‘मधून’ला ‘थुर्ख़’ असं काहीसं म्हणत. तो आवाज तेव्हा नुसत्या एच-नं लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या काळात फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हाती लेखणी गेली. त्यांच्या भाषेत हा आवाज नव्हता. तो दाखवायला हळूहळू जी-एच ही जोडी रूढ झाली. त्या वेळी ती पूर्ण प्रामाणिक होती. जे बोलत, तेच लिहीत.

नंतर आवाज गेला आणि अक्षरं राहिली. साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या बोलीतून हा ‘ख़’ विरत गेला. स्कॉटलंडमध्ये तो पुष्कळ काळ टिकला. रात्रीला ‘निख़्त’ म्हणणारी माणसं तिथे अजून आहेत. जर्मनमध्येही तो जिवंत आहे. ‘नाख़्ट’, ‘टोख़्टर’, हसण्यासाठी ‘लाख़न’. इंग्रजी शब्दात जिथे जी-एच मुके आहेत, तिथे जर्मन भावंडात बहुधा तो आवाज सापडतो.

मराठी वाचकाला जर्मनीपर्यंतही जायला नको. ‘एट’ आणि आपला ‘अष्ट’ हे एकाच मुळाचे. संस्कृतात जिथे ‘ष’ आहे, लॅटिन ‘ऑक्टो’त जिथे ‘क’ आहे, त्याच जागी इंग्रजीत जी-एच बसले आहेत. ‘नाइट’ला ‘नक्त’ आणि ‘डॉटर’ला ‘दुहितृ’ जुळतात. वजनानं हलका या अर्थाचा ‘लाइट’ हा तर ‘लघु’चाच दूरचा भाऊ. वेदात ‘लघु’चं ‘रघु’ असंही रूप आहे, चपळ या अर्थाचं. म्हणजे राघव या नावातला घ आणि ‘लाइट’मधले मुके जी-एच एकाच मूळ ध्वनीकडे जातात. दोन्हीकडे सारखं लिहिलं जाणं हा लिपीचा योगायोग खरा, पण घरोबा खोटा नाही.

याच नात्यानं ‘थॉट’चा गटही उलगडतो. ‘थिंक’चं ‘थॉट’, ‘सीक’चं ‘सॉट’, ‘ब्रिंग’चं ‘ब्रॉट’, ‘बाय’चं ‘बॉट’ ही रूपं मुलं तक्त्यातून घोकतात. भूतकाळाचा ‘त’ लागताना मागचा ‘क’ किंवा ‘ग’ बदलून ‘ख़’ होई, एवढाच त्यामागचा नियम होता. संस्कृतात वच्-चं उक्त, त्यज्-चं त्यक्त, भुज्-चं भुक्त होतं, ती याच जातीची गोष्ट. घडीव लोखंडाला इंग्रजीत ‘रॉट आयर्न’ म्हणतात, त्यातला ‘रॉट’ हे ‘वर्क’चंच जुनं भूतकाळी रूप. आठवीपासून संस्कृत घेतलेल्या मुलाला हे पाच मिनिटांत सांगता येतं. पण इंग्रजीचा तास आणि संस्कृतचा तास एकमेकांशी बोलत नाहीत.

मग ‘रफ’ आणि ‘टफ’मध्ये ‘फ’ कुठून आला? ‘ऊ’ म्हणताना ओठ गोल होतात. गोल ओठांतून ‘ख़’ काढून पाहा. तो ऐकणाऱ्याला ‘फ’च्या अगदी जवळ वाटतो. काही बोलींत पिढ्या बदलताना त्याचा ‘फ’ झाला, काहींत तो नुसता गळून पडला. लंडनच्या भाषेत सगळीकडची माणसं मिसळत होती. तिनं एक शब्द एका बोलीतून उचलला, दुसरा दुसरीतून. एकाच शब्दाची दोन्ही रूपंही राहिली आहेत. मळलेल्या कणकेला ‘डो’ म्हणतात आणि उकडलेल्या गोड गोळ्याला ‘डफ’. दुसरा हा पहिल्याचाच उत्तरेकडचा उच्चार. ‘थ्रू’ आणि ‘थरा’ हेही मुळात एकच. आरपार जाणारा तो ‘थ्रू’ आणि आरपार जाऊन केलेलं, सखोल, ते ‘थरा’.

ओठांच्या या गोष्टीतून एक नियम आपोआप निघतो. ‘इ’ म्हणताना ओठ गोल होत नाहीत. म्हणून जी-एचच्या अगदी आधी आय असेल, तर तिथे ‘फ’ कधीच होत नाही. ‘हाय’, ‘साइट’, ‘वेट’, ‘नेबर’ यांतल्या कुठल्याही शब्दात नाही. या नियमाचा उपयोग पुढे पाहू.

याच काळात स्वरही हलत होते. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीच्या दीर्घ स्वरांनी जागा बदलल्या. ओटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकानं या घडामोडीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ हे नाव दिलं. आधी ‘नाम’सारखा ऐकू येणारा शब्द ‘नेम’ झाला. नेमक्या या खळबळीच्या काळात, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईनं लेखन गोठवायला सुरुवात केली आणि बोलणं पुढे चालत राहिलं. कॅक्स्टन कित्येक वर्षं फ्लँडर्सकडे राहून आलेला. भुताच्या ‘गोस्ट’मध्ये जी-च्या शेजारी एच बसला तो तिकडच्या वळणानं. त्या एचमागे कुठलाही हरवलेला आवाज नाही.

अशी उपरी अक्षरं आणखी आहेत. ‘डिलाइट’ फ्रेंचमधून आला, त्यात ‘ख़’ कधीच नव्हता. ‘लाइट’च्या देखादेखी जी-एच चिकटले. ‘हॉटी’, म्हणजे गर्विष्ठ, याचंही तसंच. उचकीला आधी साधं ‘हिकप’ लिहीत. तिचा खोकल्याशी संबंध असावा अशा समजुतीनं तिला खोकल्याचं शेपूट लागलं. विद्वानांनीही हातभार लावला. कर्जाच्या ‘डेट’मधला मुका बी लॅटिनशी नातं दाखवायला मागाहून घातला. तेव्हा ‘इंग्रजी स्पेलिंग म्हणजे शब्दाचा इतिहास’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. त्या इतिहासात बनावट कागदही आहेत.

आता दुसरा प्रश्न. दुरुस्तीची मागणी जुनी आहे आणि तिला विरोधही तितकाच जुना. १५८२ साली रिचर्ड मल्कास्टर या शिक्षकानं सुमारे ८,५०० शब्दांची यादी देऊन रूढीलाच व्यवस्था लावण्याचा मार्ग धरला. अमेरिकेत नोआ वेब्स्टरनं काही बदल रुजवले. त्याचा १८२८चा कोश आजच्या अमेरिकी लेखनाचा पाया मानतात. सर्वांत धाडसी प्रयत्न १९०६चा. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशावर ‘सिम्प्लिफाइड स्पेलिंग बोर्ड’ उभं राहिलं, त्यानं तीनशे शब्दांची यादी काढली. ‘दो’, ‘थ्रू’, ‘थरा’ यांतले जी-एच तीत कापलेले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑगस्टमध्ये सरकारी छापखान्याला ती यादी वापरण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांनी टर उडवली, काँग्रेस बिथरली आणि वर्ष संपण्याआधी आदेश मागे गेला. पुढे शिकागो ट्रिब्यून या दैनिकानं १९३४पासून स्वतःपुरती सुधारित स्पेलिंगं छापली. जवळजवळ चाळीस वर्षं चालवून १९७५ साली त्यानंही ‘दो’ आणि ‘थ्रू’ला त्यांचे जी-एच परत दिले.

ब्रिटनमध्ये १९४९ साली माँट फॉलिक या खासदाराचं स्पेलिंग सुधारणेचं विधेयक अवघ्या तीन मतांनी पडलं. बर्नार्ड शॉनं मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. त्या लिपीत त्याचं एक नाटक १९६२ साली छापलं गेलं आणि गोष्ट तिथेच थांबली. जेम्स पिटमन यांनी चाळीसहून अधिक चिन्हांची खास बालवर्णमाला काढली. १९६१पासून ब्रिटिश शाळांत तिचे प्रयोग झाले. मुलं तिच्यात लवकर वाचू लागली, पण नेहमीच्या लिपीकडे वळताना पुन्हा अडखळली.

इथे मराठीचा अनुभव आठवणं भाग आहे. आपल्याकडेही न उच्चारले जाणारे अनुस्वार होते. ‘नांव’, ‘गांव’, ‘घरें’, ‘केलें’ असं आपले आजोबा लिहीत. ते ठिपकेही जुन्या, विरून गेलेल्या नासिक्य उच्चाराच्या खुणा होत्या, थेट जी-एचसारख्या. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ते काढून टाकले, सरकारनं नियम मानले, पाठ्यपुस्तकं बदलली आणि एका पिढीत प्रश्न मिटला. तोटाही झाला. माणसाचं नांव आणि पाण्यातली नाव पूर्वी कागदावर वेगळी दिसत, आता दिसत नाहीत. पण संदर्भानं सगळं कळतं, त्यासाठी कोणी अडून बसलेलं नाही. मराठीला हे जमलं, कारण नियम ठरवणारी संस्था एक होती आणि मानणारं सरकारही एक होतं. इंग्रजीला असं महामंडळ कधीच नव्हतं. आज तर ती कित्येक देशांची भाषा आहे. उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरलं, तर उच्चार लंडनचा घ्यायचा, शिकागोचा की लागोसचा? ‘थरा’चा शेवट अमेरिकेत ‘रो’ होतो, लंडनमध्ये ‘रा’. इंग्रजीत सर्वंकष सुधारणा होईल असं मला वाटत नाही. सुटे शब्द मात्र बदलत राहतील. नांगर अमेरिकेत जी-एचवाचून कधीच चालू लागला आहे आणि महामार्गावरच्या ‘ड्राइव्ह थ्रू’च्या पाट्या आपल्याकडेही तोकड्या स्पेलिंगनंच लागतात.

सुधारणेच्या विरोधकांत सर्वांत वजनदार आवाज नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅली यांचा. १९६८ साली त्यांनी मांडलं की इंग्रजी लेखन जवळजवळ आदर्श आहे, कारण ते उच्चारापेक्षा शब्दाचं मूळ रूप जपतं. ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो, तो कापला तर दोघांचं नातं तुटेल. हा मुद्दा खरा आहे आणि त्याला अलीकडे नवं बळही मिळालं. क्रिस्टियान बेर्ग आणि मार्क अरोनॉफ यांनी २०१७ साली दाखवलं की इंग्रजीतल्या काही प्रत्ययांचं स्पेलिंग कोणीही न ठरवता शतकांच्या ओघात आपोआप स्थिर होत गेलं. ‘नर्व्हस’चं शेपूट विशेषणांसाठी राखलं गेलं, ‘सर्व्हिस’सारख्या नामांना ते मिळालं नाही.

पण आपल्या चार अक्षरांना हे समर्थन लागू पडत नाही. ‘दो’मधले जी-एच कुठल्याच भावंड शब्दात बोलत नाहीत. ते कापले तर आजच्या इंग्रजीतलं कुठलंही नातं तुटणार नाही. ‘वेट’ म्हणजे वजन आणि ‘वेट’ म्हणजे थांबणं हे कागदावर वेगळे दिसतात, एवढा फायदा काही शब्दांपुरता आहे. चॉम्स्की-हॅलींचा दावा लॅटिन-ग्रीक शब्दांसाठी भक्कम आणि ओ-यू-जी-एचसाठी पोकळ आहे. या एका कोपऱ्यात १९०६चे सुधारक बरोबर होते.

याची किंमत लहान मुलं मोजतात. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तेरा युरोपीय भाषांतल्या पहिलीच्या मुलांचं वाचन तपासलं. फिनिश, ग्रीक, इटालियन, स्पॅनिश मुलं वर्षअखेर ओळखीचे सुटे शब्द नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक वाचत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटिश मुलं सुमारे ३४ टक्के. ती मुलं वयानं लहान होती आणि इंग्रजीची अक्षररचनाही अधिक गुंतागुंतीची आहे, हे ध्यानात घेतलं तरी अंतर मोठंच आहे. वाचनअक्षमतेचंही तसंच. २००१ साली एराल्दो पाउलेसू यांच्या गटानं इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी डिस्लेक्सिक माणसांच्या मेंदूत एकाच प्रकारची अडचण दाखवली, पण प्रत्यक्ष वाचनात इटालियन माणसं कमी अडखळत होती. मराठी बरं वाचणारं मूल इंग्रजीत कोलमडलं, तर त्याला आळशी ठरवण्याआधी हा निष्कर्ष आठवावा.

तिसऱ्या प्रश्नावर, शिकवण्याच्या, शंभर वर्षं भांडण चाललं. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड आधी, की अख्खा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवायचा? १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी दुसऱ्या पद्धतीवर कडाडून हल्ला केला. अमेरिकेत २००० साली राष्ट्रीय वाचन समितीनं आणि इंग्लंडमध्ये २००६ साली रोज अहवालानं ध्वनीकडे, म्हणजे फोनिक्सकडे कौल दिला. २०१२पासून इंग्लंडमधल्या सहा वर्षांच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात. त्यातले वीस मुद्दाम बनवलेले, निरर्थक असतात. मला हा कौल पटतो. मात्र एकेका अक्षराला एकेक ध्वनी एवढंच फोनिक्स शिकवलं, तर ओ-यू-जी-एचपाशी ते हात टेकतं. त्या शब्दांना ‘अपवाद’ म्हणून फळ्यावर लिहितात आणि पुन्हा घोकंपट्टी सुरू होते.

इथे दोन अभ्यास उपयोगी पडतात. थिओडोर क्लायमर यांनी १९६३ साली प्राथमिक वाचनमाला घेऊन शिक्षकांचे लाडके पंचेचाळीस नियम शब्दांवर तपासले. ‘दोन स्वर शेजारी असले की पहिला बोलतो’ हा प्रसिद्ध नियम निम्म्या शब्दांनाही लागू पडला नाही. ‘जी-एचपुढे टी असेल तर जी-एच मुके’ हा मात्र त्यांच्या संग्रहात शंभर टक्के खरा ठरला. दुसरा अभ्यास रिबेका ट्रायमन आणि सहकाऱ्यांचा, १९९५चा. इंग्रजी स्वर एकटा पाहिला तर बेभरवशाचा वाटतो, पण त्याच्या पुढचं व्यंजन पाहिलं की त्याचा उच्चार बराच ओळखता येतो, असं त्यांनी दाखवलं.

हे सगळं जी-एचला लावून पाहू. शब्दाच्या सुरुवातीला जी-एच आले तर उच्चार ‘ग’, मग तो ‘गोस्ट’ असो की आपल्याकडून गेलेलं ‘घी’. आयनंतर आले तर मुके, अपवाद नाही. पुढे टी असेल तर मुके, अपवाद ‘लाफ्टर’ आणि ‘ड्राफ्ट’चं ब्रिटिश स्पेलिंग. ओ-यू-जी-एच-टी असं पूर्ण पंचक असेल तर उच्चार ‘ऑट’. नेहमीच्या वापरातला अपवाद एकच, दुष्काळाचा ‘ड्राउट’. ‘माशा’चं ‘फिश’ हे स्पेलिंग जी-एचनं सुरू करून दाखवण्याचा एक विनोद आहे. तो शॉच्या नावावर खपतो, पण १८५५ सालच्या एका पत्रात आधीच आढळतो. तो फसवा ठरतो तो याच कारणानं: शब्दाच्या तोंडाशी जी-एच कधीच ‘फ’ होत नाहीत.

एवढं बाजूला काढल्यावर खरोखर पाठ करण्याजोगे रोजचे शब्द पंधराएकच उरतात. ‘फ’चे सहा: रफ, टफ, इनफ, कॉफ, ट्रॉफ आणि ए-यूवाला लाफ. ‘ओ’चे तीन: दो, ऑलदो, डो. ‘आउ’चे दोन: बाउ, प्लाउ. मग एकटा थ्रू, आणि थरा व बरा ही जोडी. स्थळनामं वेगळी, ती ऐकूनच शिकायची.

महाराष्ट्रात जून २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हापासून या शब्दांची ओळख आपली पाठ्यपुस्तकं धड्यात येतील तशी करून देतात: एक तिसरीत, एक पाचवीत, एक सातवीत. प्रत्येक वेळी मूल नव्यानं चकतं आणि ‘सायलेंट आहे, पाठ कर’ एवढं ऐकतं. त्याऐवजी चौथीच्या सुमारास हे सगळे शब्द एका पानावर, गटागटानं यावेत. पानाच्या वर घाटकोपरची पाटी असावी, म्हणजे आपला घ आणि इंग्रजीचे जी-एच वेगळे हे आधीच सांगून टाकता येईल. शिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिकेत हरवलेल्या ‘ख़’ची गोष्ट आणि अष्ट-एट, नक्त-नाइट या जोड्या द्याव्यात. ‘ड्राउट’ चौकटीत वेगळा दाखवावा आणि थ्रू नि थरा शेजारीशेजारी ठेवावेत.